दसऱ्यानंतरचा पट

जिल्हा परिषदेच्या शाळेत ३० सप्टेंबरच्या पटाला फार महत्त्व. त्या दिवशी हजेरीपटावर जितकी नावं, त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरतं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात त्या तारखेला वर्ग गच्च भरलेले असतात. मग दसरा येतो. ऊसतोडीला माणसं न्यायला मुकादमाच्या गाड्या गावात लागतात, आणि दिवाळीची सुट्टी संपवून शाळा उघडावी तर चौथीच्या वर्गातली निम्मी पोरं गायब. कागदावर ती असतात. पुस्तकं, गणवेश, पोषण आहाराचा तांदूळ, सगळा हिशेब त्यांना धरून झालेला असतो. फक्त ती तिथे नसतात.

मी बीड जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो. बहुतेक नोकरी अशाच एका सातवीपर्यंतच्या शाळेत झाली. गाव कोरडवाहू, बाजरी, थोडी तूर, पाऊस बरा झाला तर कापूस. ज्याच्याकडे दोन-तीन एकर माळ आहे तोही साखर कारखान्याला ऊस तोडायला जातो आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो तर जातोच. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, पावसाळ्यातच मिळते, आणि लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात तेव्हाच संपतेही. त्यामुळे दसऱ्यानंतर जायचं की नाही हा प्रश्न घरात उरलेलाच नसतो. उरतो तो एवढाच, की पोरांचं काय करायचं.

आमच्या प्रशिक्षणांमध्ये एक वाक्य हमखास असे : पालकांना शिक्षणाचं महत्त्व पटवून द्या. मी इतकी वर्षं त्या गावात काढली, पण महत्त्व पटवून द्यावं लागेल असा पालक काही मला भेटला नाही. एका बापाने तर गाडीत भांडी चढवता चढवता मला ऐकवलं होतं, “गुरुजी, शाळा नको आसं म्या कुठं म्हणतो? रातच्याला ह्यानं खायाचं काय आन् निजायचं कुठं, तेवढं सांगा. लगीच खाली उतरवतो.” पोरगा दुसरीत होता, बाजरीच्या पिठाच्या पोत्यावर बसलेला. त्या वर्षी माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाडी गेली.

त्याचं उत्तर सरकारी भाषेत ‘हंगामी वसतिगृह’ असं होतं. सर्व शिक्षा अभियानातून ही योजना आमच्याकडे आली. नावावरून वाटतं तसं ते वसतिगृह नव्हे. इमारत नाही, खाटा नाहीत, अधीक्षक नाही. आई-बाप तोडणीला गेले की मूल गावात आजी-आजोबांकडे, चुलत्याकडे राहणार. दुपारी पोषण आहार आहेच, त्यात सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची भर शाळेने घालायची. शाळा व्यवस्थापन समितीने सप्टेंबरात घरोघर जाऊन कोण जाणार, कोण राहू शकेल याची यादी करायची, प्रस्ताव तालुक्याला द्यायचा, मंजुरी आली की स्वयंपाक सुरू करायचा.

गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. मंजुरी गाड्यांच्या आधी आली तर उपयोग. ती बहुतेकदा नंतर येई. दिवाळी झाल्यावर पत्र आलं की इतक्या मुलांना मान्यता, आणि ती मुलं तोवर पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडात वाढ्यांच्या मोळ्या बांधत असत. कार्यालयात कोणी वाईट होतं म्हणून असं होत नसे. प्रस्ताव, छाननी, निधी, वितरण हा सगळा प्रवास आर्थिक वर्षाच्या घड्याळावर चालतो आणि तोडणी चालते उसाच्या. दोन्हींची गाठ घालून द्यायला कोणी बसलेलं नव्हतं.

मग आमच्या समितीने एक वर्ष ठरवलं की पत्राची वाट बघायची नाही. हे लिहायला सोपं वाटतं. बैठक रात्री मारुतीच्या पारावर झाली आणि पहिला तासभर भांडणातच गेला. मंजुरी आलीच नाही तर उधारी कोण फेडणार? एक सदस्य म्हणाले, गुरुजींनी पगारातून भरावी. दुसरे म्हणाले, सरकारचं काम आहे, आपण का अंगावर घ्यायचं. शेवटी किराणा दुकानदार, जो समितीत नव्हताच, नुसता ऐकायला आला होता, त्यानेच सांगितलं की संक्रांतीपर्यंत मी माल देतो, पुढचं पुढं. आणि जाणाऱ्या कुटुंबांनी आपल्या घरची पायली-दोन पायली बाजरी शाळेत आणून टाकली. आपलं मूल आपल्याच धान्यावर राहणार आहे म्हटल्यावर आयांचा जीव जरा खाली पडला असावा.

स्वयंपाकाला दोन बायका ठेवल्या. त्यातली एक आजीच होती. तिची स्वतःची तीन नातवंडं जेवायला असत. सुरुवातीला वरण-भात, भाजी, चपाती असा कागदावरचा आहार करायचा प्रयत्न झाला. चपात्या पोरं खाईनात. भाकरी आणि पिठलं आलं की मात्र वाढता वाढता हात दुखत. बाजाराच्या दिवशी पालेभाजी, कधी अंडी. पहिले काही दिवस संध्याकाळी हमखास रडारड व्हायची, विशेषतः पहिली-दुसरीची पोरं. दिवेलागणीला त्यांना आई आठवायची, आणि आईचा फोन यायचा तोही त्याच वेळी, दुकानदाराच्या मोबाइलवर. फोन झाला की रडणं वाढे. दुकानदारानेच युक्ती काढली : फोन जेवण झाल्यावर करायला सांगायचा. तिकडे ती माणसं मध्यरात्रीसुद्धा गाडी भरायला उठतात, त्यांना जरा उशिराचा फोन जड नव्हता.

या जेवणातून एक गोष्ट आपोआप निघाली, जी कुठल्याही परिपत्रकात नव्हती. संध्याकाळी जेवायला आलेली पोरं जेवण व्हायच्या आधी तासभर शाळेतच असत. काहीतरी करायला हवं म्हणून आम्ही पुस्तकांची पेटी उघडून ठेवली. ती पेटी एरवी कपाटात कुलपात असे, कारण पुस्तकं फाटली तर हिशेब द्यावा लागतो. मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवायचं एवढाच नियम. सहावीतला एक पोरगा, ज्याला गणितात कधी गती नव्हती, गोष्ट वाचताना असे आवाज काढी की स्वयंपाकाच्या बायका भाकरी थापायच्या थांबत. फेब्रुवारीपर्यंत दुसरीतली बहुतेक पोरं जोडाक्षरांसकट वाचू लागली होती. त्यांना वेगळं असं मी काही शिकवलं नव्हतं. ती रोज तिथे होती, एवढंच.

आणि याच काळात आमच्या शाळेला साधनं किती आली म्हणून सांगू! २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. साताऱ्याच्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते, आम्हीही जाऊन आलो. चांगलं काम होतं, खरोखर शिकण्यासारखं. परत येऊन आम्ही फरशीवर अक्षरं, संख्यारेषा, गोल रंगवून घेतले. लोकवर्गणीतून मोठा टीव्ही आला, प्रोजेक्टर आला. ‘डिजिटल शाळा’ अशी पाटी लागली, पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली, पेढे वाटले. पुढे वीजबिल थकलं आणि जोडणी तोडली गेली. सादिलच्या, म्हणजे किरकोळ खर्चाच्या, पैशात खडू, झाडू आणि कागद भागवायचे की बिल भरायचं? काही महिने आम्ही शिक्षकांनी खिशातून भरलं, मग तेही जमेना. टीव्हीवर धूळ बसू नये म्हणून जुनी साडी टाकली होती. ती साडी बरीच वर्षं टिकली.

मी यंत्रांच्या विरोधात नाही. वीज होती तेव्हा पोरांनी त्या पडद्यावर समुद्र पाहिला, ज्वालामुखी पाहिला. तोंडं उघडी राहत. पण साधन म्हटलं की देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू येते, जिचा फोटो काढता येतो. संध्याकाळच्या भाकरीचा फोटो चांगला येत नाही. आमच्या शाळेला टीव्ही द्यायला लोक मिळाले, पण दसरा ते मंजुरीपत्र या मधल्या काळाचा किराणा द्यायला दुकानदाराशिवाय कोणी मिळालं नाही, हे मी पाहिलेलं आहे.

मुलींचं प्रकरण यापेक्षा अवघड. मुलगे राहिले, मुली गाडीत बसल्या, असंच पहिल्यांदा झालं. दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक करते, पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, म्हणून ती हवी असते हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट भीतीची. म्हातारीला रात्री दिसत नाही, ऐकू येत नाही, मुलगी कुणाच्या जिवावर ठेवायची? आम्ही गावातल्या दोन एकट्या राहणाऱ्या बायकांना विचारलं. त्यांच्या घरी चार-पाच मुलींनी रात्री निजायला जायचं असं ठरलं. त्या दोघींना त्यासाठी पैसे देता यावेत अशी योजनेत तरतूद नव्हती. त्यांनी ते तसंच केलं. त्यानंतर मुली राहू लागल्या. सगळ्या नव्हे. सहावीतली एक मुलगी, वर्गात सगळ्यांत हुशार, तिच्या आईचं बाळंतपण झालेलं असल्याने बाळ सांभाळायला गेली. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. हंगाम संपता संपता तिचं लग्न लावून दिलं होतं.

जी मुलं जातच, त्यांना आम्ही शिक्षण हमी पत्रक द्यायचो. मूल कुठल्या वर्गात, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं; ते दाखवून तिकडच्या शाळेत बसायचं. एप्रिलमध्ये ही पत्रकं पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेली परत येत, बहुतेकांवर तिकडच्या शाळेचा शिक्का नसे. असं का होतं ते पाहायला एका सुट्टीत मी आणि एक सहकारी सांगलीकडच्या फडांवर जाऊन आलो. तिथे गेल्यावर समजलं की बैलगाडीवाल्यांचे तळ कारखान्याजवळ हंगामभर एका जागी असतात. त्यांची थोडी तरी मुलं शाळेत दिसली. आमच्या गावची माणसं ट्रॅक्टरच्या टोळीत. एक रान संपलं की कोप्या मोडायच्या आणि पुढच्या गावाच्या शिवारात घालायच्या. शाळेत नाव घालून आठवडा होत नाही तोवर गाव बदललेलं. तिथल्या एका बाईंनी आम्हाला चहा दिला आणि सांगितलं, “मुलं आली तर मी बसवून घेते हो, पण ती सकाळी येतात कुठे? आई-बाप पहाटे फडात गेलेले, मुलं त्यांच्या मागे.” सीमेपलीकडे बेळगाव भागात गेलेल्या मुलांची तर वेगळीच तऱ्हा, जवळची शाळा कन्नडची.

एके काळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. औरंगाबादच्या ‘जनार्थ’ संस्थेने ते काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं होतं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि मूल नियमित शाळेतच हवं असं धोरण आलं. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. साखरशाळेत शिकलेल्या मुलाच्या हाती दुय्यम काहीतरी का द्यायचं? पण फडावरच्या मुलापुरतं पाहिलं तर जवळची शाळा गेली आणि लांबचा हक्क मिळाला.

२०२१ साली राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आणली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांचं एक, मुलींचं एक. जिथे ती सुरू झाली तिथल्या मोठ्या मुलांना आधार झाला, दहावी-बारावीच्या मुलींना तर नक्कीच. पहिली-दुसरीतलं पोर मात्र तालुक्याच्या गावी नेऊन ठेवता येत नाही, ठेवूही नये. त्याला गावातच आजीजवळ राहायला मिळावं आणि वेळेवर जेवायला मिळावं. माझ्या मते यासाठी नवी योजना लागत नाही. यादी सप्टेंबरात तयार असतेच. पटाचे आकडे ज्या आठवड्यात वर जातात त्याच आठवड्यात हंगामी वसतिगृहाची मंजुरी आणि निदान पहिल्या दोन महिन्यांचे पैसे खाली आले, तर गाडीतून उतरणाऱ्या पोरांची संख्या वाढेल. आणि शिक्षकसंख्या ठरवताना एकदा तरी जानेवारीत येऊन वर्गात डोकी मोजावीत. त्या मोजणीत आमच्यासारख्या शाळांचे शिक्षक कमी होतील ही भीती मला आहे, तरी मोजावीत. शाळेतून मुलं नेमकी कधी नाहीशी होतात ते त्याशिवाय कुणाच्या कागदावर येणार नाही.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगरकडचे असतील. दिवाळीनंतर तुमच्या शिवारात कोप्या पडतील. त्यात सहा ते चौदा वयाची मुलं असतील. त्यांना जवळच्या शाळेत घेऊन जा. जुन्या शाळेचा दाखला हातात नाही किंवा वर्ष अर्ध्यावर आलं आहे, या कारणासाठी कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला वयानुसार वर्गात बसवावं लागतं. पेटीत हमी पत्रक आहे का, तेही विचारा. असलं तर त्यावर त्या शाळेचा शिक्का मारून घ्या.