न लिहिलेलं एक्सएमएल

ईजेबी २ म्हटलं की आजकालच्या पोरांना हसू येतं. येऊ दे. एक साधं सेशन बीन लिहायचं तर होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा क्लास, आणि वर ती ईजेबी-जार.एक्सएमएल. त्यातही आधी नाव, मग होम, मग रिमोट, मग क्लास. क्लास वर घेतलात की डीटीडीने नापास केलंच म्हणून समजा! शिवाय वेबलॉजिकची फाइल वेगळी, जेबॉसची वेगळी. (१९९८ च्या पहिल्या आवृत्तीत हीच माहिती सिरियलाइझ केलेल्या जावा ऑब्जेक्टमध्ये असायची, म्हणजे नोटपॅडमध्ये उघडून वाचायचीही सोय नाही. १९९९ मध्ये १.१ बरोबर एक्सएमएल आलं.)

पण माझ्या डोक्यात बसलंय ते न लिहिलेलं एक्सएमएल. २००५ च्या सुमारास एका क्लायंटकडे एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत. गेले कुठे? कोड तर सरळ होता, आधी डेबिट, मग क्रेडिट. क्रेडिट फसलं की डेबिट मागे फिरायला हवं. आमच्या टेस्टिंगच्या सर्व्हरवर ते इमानेइतबारे फिरत होतं. प्रॉडक्शनचा सर्व्हर मात्र दुसऱ्या कंपनीचा.

दोन दिवस सगळे जावा चाळत बसले. शेवटी सापडलं एक्सएमएलमध्ये, म्हणजे खरं तर सापडलं नाही! आधीच्या व्हेंडरने नवी मेथड टाकली होती, पण कंटेनर-ट्रान्झॅक्शनच्या यादीत तिचं नावच नव्हतं. नाव नसेल तर काय करायचं हे ज्या-त्या सर्व्हरच्या मर्जीवर. एकाने 'रिक्वायर्ड' धरलं, दुसऱ्याने 'सपोर्ट्स'. 'सपोर्ट्स' म्हणजे बोलावणाऱ्याकडे ट्रान्झॅक्शन असेल तर ठीक, नसेल तर तसंच पुढे. मग प्रत्येक एसक्यूएल आपापलं कमिट होऊन मोकळं.

२००६ मध्ये ईजेबी ३ आलं, अ‍ॅनोटेशन्स आली आणि कंटेनरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये काही लिहिलं नाही तर 'रिक्वायर्ड' हे स्पेसिफिकेशननेच ठरवून टाकलं. माझ्या मते टायपिंग वाचलं त्यापेक्षा हे मोठं. एक्सएमएल मात्र गेलं नाही हं. फाइल जागेवर असेल तर ट्रान्झॅक्शनच्या बाबतीत ती अ‍ॅनोटेशनवर कुरघोडी करते, जकार्ता नाव लागल्यावरही. म्हणून जुना प्रोजेक्ट हाती आला की मी अजूनही आधी मेटा-इन्फ फोल्डर उघडतो, जावा नंतर.