बाळंतिणीजवळ बसणारं माणूस

बाळंतिणींच्या वॉर्डात शिरलं की पहिल्या दोन-तीन खाटांतच कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच येत नाही." बहुतेकदा हे बोलणारी आई असते, सासू असते, भेटायला आलेली मावशी असते. बाळंतीण खाली मान घालून ऐकत असते. स्तनपान समुपदेशक म्हणून माझं काम तिथून सुरू होतं. इतक्या वर्षांनंतर मी ठामपणे सांगते, की मुळातच पुरेसं दूध तयार न होणाऱ्या बायका थोड्या असतात. थायरॉइडचा त्रास, स्तनांवरची शस्त्रक्रिया, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव अशी कारणं असतील तर ती डॉक्टरांनी बघायलाच हवीत. बाकीच्या बहुतेक जणींना दूध असतं. बाळाला ते नीट ओढता येत नसतं, आणि का येत नाही हे बघायला जवळ कुणी बसलेलं नसतं.

पहिल्या दिवसांत येतो तो चीक. पिवळसर, घट्ट, एका वेळी जेमतेम चमचाभर. नवजात बाळाला तेवढाच लागतो. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस जातात, सिझेरियननंतर कधी आणखी थोडे. सगळा घोळ होतो तो याच दिवसांत. मध्यरात्री बाळ रडतं, घरचे घाबरतात, पावडरचा डबा येतो. पोट भरलेलं बाळ झोपतं, अंगावर ओढत नाही, आणि मग दूध खरोखरच कमी होतं. जेवढं दूध बाहेर निघतं तेवढंच नवं तयार होतं, हा त्यातला साधा नियम. बाळाच्या चोखण्याने प्रोलॅक्टिन वाढतं, त्यातून दूध बनतं. रात्री ते जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं चुकवू नये. ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो, आणि वेदना, भीती, चारचौघांतलं टोचून बोलणं यांनी तो अडतो. उशाशी बसून "हिला दूध नाही" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

मी काय करते ते सांगते. आधी आईची पाठ टेकवते, टाक्यांवर ताण येणार नाही अशी उशी लावते. बाळाचं गुंडाळलेलं दुपटं सोडते. त्याचं पोट आईच्या पोटाला, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. उजवीकडे पाजायचं तर डाव्या हाताने बाळाच्या मानेला आणि खांद्यांना आधार, डोकं मागून दाबायचं नाही. नाक स्तनाग्रासमोर आणायचं आणि थांबायचं. हे थांबणंच आयांना जड जातं. वरच्या ओठाला स्पर्श झाला की बाळ शोधू लागतं, तोंड अर्धवट उघडतं. तेव्हा द्यायचं नाही. जांभईएवढा मोठा आ झाला की चटकन बाळाला जवळ ओढायचं. आधी हनुवटी टेकते, आणि स्तनाग्राखालचा काळसर भाग जास्त आत जातो. नुसती बोंडी तोंडात गेली तर ती चिरते, आई कळवळते आणि बाळाच्या हाती फारसं काही लागत नाही. नीट लागलेल्या बाळाचे गाल भरलेले दिसतात, खळ्या पडत नाहीत, आणि थोड्या ओढींनंतर घोट गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागतो. हे सगळं शिकवायला पाऊण तास लागतो. गजबजलेल्या वॉर्डात एवढा वेळ काढून देणं हाच माझ्या मते खरा आधार.

पुरतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसरात्रीत सहा वेळा तरी शू, पिवळी शी, आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माइतकं वजन परत आलं की निश्चिंत राहा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत, पण दूध वाढतं ते बाळाच्या ओढण्याने. बाळाला मात्र सहा महिने गुटी नको, उन्हाळ्यातही पाणी नको, आणि मध तर वर्षभर नको. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं अपवाद. आणि बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू न देणाऱ्या आजीबाईंचं ऋण मला मोकळेपणाने मान्य करायचं आहे. त्यांची ती शिस्त कुठल्याही औषधापेक्षा मोलाची.

या कामात महाराष्ट्र मागे नव्हता. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. स्तनपानाचा पुरस्कार करणारी देशव्यापी संघटना बीपीएनआय १९९१ मध्ये वर्ध्यात स्थापन झाली. पुढच्याच वर्षी कायदा आला. पावडरच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात, आयांना फुकट नमुने, डॉक्टरांना भेटवस्तू, सगळ्याला बंदी. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. कायदा चांगला आहे, पण रात्री दोन वाजता बाळंतिणीजवळ तो बसू शकत नाही. तिथे माणूसच लागतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईंनी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी यायचं असतं. त्या भेटींत बाळ कसं लागतंय हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं, म्हणून त्यांना हे कौशल्य हाताला धरून शिकवायला हवं.

नोकरदार आईला २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. बाळंतपणाआधी आठ आठवडे घेतले तर बाळ चार महिन्यांचं असतानाच कामावर जावं लागतं. मग हाताने दूध काढणं, ते स्वच्छ झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात फ्रीजमध्ये ठेवणं आणि चोवीस तासांच्या आत वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणं, हे रजा संपायच्या पंधरा दिवस आधी शिकून घ्यावं.

पण जिला रजाच नाही तिचं काय? दर हंगामात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांत अंगावर पिणारी बाळं असतात. नवराबायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, खाडा झाला तर दंड. पाजायला बसण्याचा वेळ त्या हिशोबात कुठेच धरलेला नाही. उसाच्या फडाजवळ सावलीचं पाळणाघर, तिथे राखण करणारी एक बाई, आणि पाजायला गेल्याबद्दल मजुरी न कापण्याचा लेखी करार, एवढं तरी कारखान्यांनी करावं. माझ्यासारख्या समुपदेशकांनीही वॉर्ड सोडून त्या तळांवर जायला हवं.