फराहबाग आणि आमच्या माडीवरचा एसी : गारव्याच्या वाटेचा शोध

१) आजचा धागा थोडा वेगळा आहे. तो निजामशाहीतील एका जलमहालाविषयी आहे आणि आमच्या घरातील, खोली थंड न करणाऱ्या एका फिरत्या एसीविषयीही. दोहोंमध्ये सव्वाचारशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र एकच : बाहेरची हवा तापलेली असताना आत गारवा टिकवावा कसा?

२) नगर शहराच्या आग्नेयेस फराहबाग आहे. पहिल्या मुर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीत, १५८३ मध्ये, हा अष्टकोनी महाल पूर्ण झाला. मध्यभागी उंच घुमटी दालन, भोवती कमानी, जाड भिंती आणि चहूबाजूंनी तलाव. आज तलाव कोरडा आहे. त्यामुळे महाल पाहणाऱ्यास तो माळावर उभी असलेली एक भव्य वास्तू वाटतो. मुळात तो पाण्यातला महाल होता, हे मुद्दाम आठवावे लागते.

३) आता आमच्या घराकडे वळू. जुन्या नगरातील आमच्या घराचा तळमजला दगडी आहे आणि तो दुकानांना दिलेला आहे. आम्ही माडीवर राहतो. माडीला पत्र्याचे छप्पर, बाजूला उघडी गच्ची आणि खाली उतरणारा दगडी जिना. आजीचे वय एकोणऐंशी. हृदयाचे औषध चालू असल्याने तिला उष्म्यापासून जपा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पुण्याच्या मावसभावाने आपला चाकांवरचा एक टनी एसी पाठवून दिला, तो या कारणाने.

४) एसी सुरू झाला, खोली मात्र तापलेलीच. दुपारी दोन वाजता तापमापीवर ३६ अंश, तासाभराने ३५. यंत्रासमोर बसले की गार वारा लागे, चार पावले दूर जाताच झळ. आजीने निदान केले : "यंत्र गारवा देतंय रे, पण खोली घेत नाही." एक कारागीर आला, यंत्रावर हात ठेवून म्हणाला, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल."

५) इतिहासाच्या वर्गात एक सवय लागते : साक्ष कोणाचीही असो, ती ताडून पाहायची. आम्ही प्रथम जाळी धुऊन वाळवली. मग यंत्र जिथून हवा आत ओढते तिथे आणि जिथून गार हवा सोडते तिथे, अशा दोन ठिकाणी तापमान मोजले. एकीकडे ३५, दुसरीकडे २१. गॅस संपत आला असता, तर हा चौदा अंशांचा फरक पडता ना. म्हणजे यंत्र आपले काम करीत होते. आजीची साक्ष खरी ठरली.

६) येथे 'टन' या शब्दाचा इतिहास सांगायला हवा, कारण अनेकांना ते यंत्राचे वजन वाटते. एकोणिसाव्या शतकात गारवा बर्फाच्या रूपाने विकला जाई. १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचे जहाज अमेरिकेतील बोस्टनहून कलकत्त्यास बर्फ घेऊन आले होते. पुढे गारवा यंत्रे करू लागली, तेव्हा त्यांचे मापही बर्फातच ठरले. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून काढणारे यंत्र ते एक टनाचे. विजेच्या भाषेत हे सुमारे साडेतीन किलोवॉट होतात.

७) एवढी उष्णता उपसली जात असूनही खोली तापलेली का? उत्तर उदबत्तीने दिले. गच्चीच्या दाराच्या फटीपाशी उदबत्ती धरली, तर धूर वेगाने आत ओढला जाऊ लागला. एका नळीचे फिरते एसी खोलीतलीच हवा घेऊन तिच्यावर उष्णता लादतात आणि ती नळीवाटे बाहेर फेकतात. जेवढी हवा बाहेर जाते, तेवढी कुठूनतरी आत येणारच. आमच्याकडे ती तापलेल्या गच्चीवरून, दाराखालून आणि पत्र्याच्या सांध्यांतून येत होती. शिवाय गरम हवेची नळी जादा जोड देऊन लांबवलेली होती. ती खोलीतच शेगडीसारखी तापत होती.

८) येथे मला फराहबागेची रचना नव्याने उमगली. हवा अडवण्याचा अट्टहास त्या महालात नाही. हवा येणारच, हे तेथे धरून चालले आहे. तिने कोणत्या वाटेने यावे, एवढेच ठरवलेले आहे : पाण्यावरून, कमानींतून, सावलीत. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेते. तासाला सुमारे ५ लिटर पाण्याची वाफ झाली, तर तेवढ्यात एक टनी एसीच्या तोडीची उष्णता शोषली जाते. महालाभोवती तर सबंध तलाव होता आणि नगरचा उन्हाळा कोरडा. कोरड्या हवेत पाणी भराभर उडते. आपले कूलरही याच तत्त्वावर चालतात. म्हणून कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी आणि एसी लावताना बंद.

९) मग आम्ही यंत्राला हात न लावता वाटा बदलल्या. नळीचा जादा जोड काढून ती आखूड आणि सरळ केली, तिच्यावर जुनी गोधडी गुंडाळली. खिडकीतील पुठ्ठा काढून नळीच्या मापाचे भोक पाडलेली प्लायवुडची फळी बसवली. गच्चीच्या दाराची फट आणि पत्र्याचे सांधे बुजवले, पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले. जिन्याच्या दाराखालची फट मात्र मुद्दाम मोकळी ठेवली. बाहेरची हवा यायचीच असेल, तर ती गार दगडी जिन्यातून येऊ दे.

१०) दुसऱ्या दिवशी दुपारी खोली २९ अंशांवर आली. दुकानातल्या जाहिरातीतले २४ अंश आम्हांला कधीच मिळाले नाहीत. पत्र्याखाली ते मिळणारही नाहीत. पण आजीला त्या दुपारी दोन तास सलग झोप लागली. आमच्यासाठी तेवढा आकडा पुरेसा होता.

११) एक गोष्ट मात्र उरली. बाहेर फेकलेली उष्णता नाहीशी होत नसते. आमची नळी बोळात उघडत होती आणि समोरच्या काकूंची स्वयंपाकघराची खिडकी तेथून हातभर अंतरावर. म्हणून फळीबाहेर पत्र्याचे वळण लावून झोत वर वळवावा लागला. एकाचा गारवा दुसऱ्याच्या अंगावर उष्णता होऊन येतो, ही गोष्टही जुनीच आहे. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव अशा गावांच्या परिसरातून खापरी नळांनी पाणी नगरात आणले जाई. ते लोकांच्या हौदांत पडे, तसेच शाही बागांतही खेळे. दुष्काळाने पिचलेल्या या मुलुखात सुलतानाच्या दालनातील झुळूक फुकट नव्हती. तिच्यामागे कुणाच्या तरी शिवारातले पाणी आणि नळ दुरुस्त करणाऱ्यांचे श्रम होते.

१२) म्हणूनच आज फराहबागेत उभे राहिले, की तिची पडझड भिंतींत शोधू नये. भिंती आहेत, घुमट आहे, कमानी आहेत. तुटली ती पाण्याची वाट, आणि तिच्याबरोबर गारवाही गेला. एखादी वास्तू वा यंत्र निकामी ठरवण्यापूर्वी त्याच्याकडे येणाऱ्या आणि त्याच्यापासून जाणाऱ्या वाटा तपासाव्यात, एवढेच या धाग्याचे सार.

१३) आपल्या गावात जुने खापरी नळ, हौद किंवा नळांचे उच्छ्वास शिल्लक असतील, तर छायाचित्रासह जरूर कळवा. आणि घरात कुणी वृद्ध माणूस पत्र्याखाली राहत असेल, तर आज दुपारी दाराच्या फटीपाशी एक उदबत्ती धरून पाहा.