वुल्फ्सबर्गची काटकसरी मोटार

गतवर्षीं चिरंजीवांकडे जर्मनींत गेलों असतां वुल्फ्सबर्ग पाहिलें. हें नगर १९३८ सालीं मोटारींच्या कारखान्यासाठींच वसविलें गेलें; कालव्याच्या उत्तर तीरीं चार धुराडीं, दक्षिणेस वस्ती. तेथें रस्त्याकडेला ‘लुपो ३ एल’ ही चिमुकली डिझेल मोटार उभी होती. १९९९ मध्यें विक्रीस आलेल्या हिला १०० किलोमीटरांस ३ लिटर तेल पुरे, म्हणजे लिटरास ३३ किलोमीटर! दारें ॲल्युमिनियमचीं, गाडी थांबतांच एंजिन आपोआप बंद होई. (आमच्या घरीं मात्र दिवा मालविण्यास तीनदां सांगावें लागतें.) परंतु किंमत साध्या लुपोहून अधिक, तेलाची बचत खरेदींतच जाई. २००५ सालीं उत्पादन थांबलें. 

“आतां मिळते कोठें?” मीं विचारलें.

“जुन्या गाड्यांच्या बाजारांत, नाना, तीही नशिबानें.”