टाकीतल्या पाण्यास

टाकीतल्या पाण्या,

काल रात्री अकराला तुझा थर्मामीटर बघितला, ३०. गेल्या मे महिन्यात याच वेळी तो ३४ दाखवत होता. त्या चार अंशांची माफी मागायची राहून गेली आहे.

नागपूरचा उन्हाळा तुला नवा नाही. गेल्या मे मध्येच एके दिवशी थोरला गोल्डफिश तोंड वर काढून हवा गिळत होता, कल्ले भराभर हलत होते. प्राणवायू कमी पडतोय, हे मी ओळखलं. ते खरंही होतं. २० अंशांना तुझ्या लिटरभरात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३४ ला ७ च. आणि ऊन पाण्यात माशाला तो लागतो मात्र जास्त. म्हणून मी दुप्पट ताकदीचा, २० वॅटचा पंप आणून तुझ्यात सोडला. दोन दिवसांत तू ३३ वरून ३४ वर गेलंस. तिसऱ्या दिवशी तो मासा गेला.

बुडवलेल्या पंपाची सगळी वीज शेवटी तुझ्याच अंगात मुरते, हे मला ठाऊक नव्हतं. त्याची गुंडाळी तापते ती ऊब तुला, आणि तुला फिरवायला तो जो जोर लावतो त्याचीही घर्षणाने ऊबच होते. २० वॅट दिवसभर म्हणजे १७२८ किलोज्यूल. तू १०० लिटर. त्यातली काहीच उष्णता बाहेर पडली नसती, तर एका दिवसात तू चार अंश चढलं असतंस. आणि ती बाहेर पडायची वाट मीच बुजवली होती. धूळ नको, पाल पडायला नको, म्हणून वर काच घट्ट बसवलेली. काचेवर हुड, त्यात दोन ट्यूब आणि चटका बसेल इतका तापणारा चोक. काचेला आतून थेंब धरायचे. वाफ जी ऊब घेऊन निघायची ती काचेपाशीच अडायची आणि थेंब पुन्हा तुझ्यात पडायचे.

त्याच खोलीत तिवईवर माठ होता. त्यातही तूच. तिथे तू मातीतून झिरपतंस, उडतंस, आणि मागे उरतंस ते गार. लिटरभर उडताना सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातंस. पंपाची दिवसभराची उष्णता पाऊण लिटरात निघून जाते. आजी रंगवलेला माठ कधी घ्यायची नाही, छिद्रं बुजतात म्हणायची. हे ऐकत मोठी झालेली मी तुला काचेखाली कोंडून बसले होते.

आता काचेच्या जागी जाळी आहे. तो पंप काढला. स्पंज फिल्टर लावला, त्याचा चार वॅटचा एअर पंप बाहेर, टाकीहून उंच फळीवर, म्हणजे वीज गेली तरी नळीतून तू उलटं येणार नाहीस. चोक भिंतीवर गेला. कॉम्प्युटरमधला छोटा पंखा तुझ्यावर तिरका लावलाय. तो सुरू झाला की तुझ्या पाठीवर बारीक सुरकुत्या उठतात. मी त्या बघत बसते.

मध्यंतरी एकदा बर्फ झालेल्या बाटल्याही सोडल्या होत्या. दुपारभरात तू तीन अंश उतरलंस, मासे तळाशी निपचित पडले, आणि रात्री तू पुन्हा चढलंस. असे हेलकावे माशाला सोसत नाहीत. ते मी पुन्हा करणार नाही.

मुंबईच्या बहिणीला पंख्याचं सांगितलं खरं, पण तिथल्या दमट हवेत तू इतकं उडणार नाहीस. तिने आधी पंप बाहेर काढावा.

इथे तू रोज दोनेक लिटर जातंस. क्षार मागे राहतात, काचेवर पांढरी रेघ उमटते. म्हणून भर घालायची ती बोअरच्या पाण्याची नाही, आरओच्या. बादलीत काढून ठेवलंय, खोलीइतकं होऊ दे. उद्या रात्री तू त्या रेघेच्या अर्धं बोट खाली असशील. तेव्हा पेल्या-पेल्याने ओतेन.