नामीचं गाऱ्हाणं

वडगाव रासाईकडून भीमा ओलांडली की शिरूर तालुका मागे राहतो आणि दौंड लागतो. त्या अंगाला केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. रमाबाई मूळच्या पुराणिक, हे आपण विसरतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं बिऱ्हाड तीर्थोतीर्थी फिरायचं. देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि पुढ्यात पडेल त्यावर पोट भरायचं. 1870 च्या दशकातल्या दुष्काळानं आईवडील नेले, थोरली बहीण नेली. पुढे याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत उतरवलं. 1922 साली त्या गेल्या, बायबल छापून आलं 1924 मध्ये.

त्यातलं रूथचं पुस्तक उतरवताना त्यांचा हात क्षणभर तरी थबकला असेल, असं मला उगीच वाटतं. ते दुष्काळानंच उघडतं. नामी नवरा आणि दोन मुलग्यांबरोबर बेथलेहेम सोडून परक्या मवाबात जगायला जाते. तिथे नवरा मरतो, मग दोन्ही मुलगे. सातूच्या सुगीला ती परतते. गावात गलका होतो, बायका विचारतात, ही नामीच का? आणि ती गाऱ्हाणं मांडते: भरली गेले होते, देवानं रिकामी आणली. हे बोलताना तिच्या शेजारी सून उभी आहे. माहेर, देव, देश सगळं टाकून हिच्यामागे आलेली रूथ. सासूच्या हिशेबात ती धरलेलीच नाही!

याहून चांगली नाट्यछटा मला दाखवा.

हो, नाट्यछटाच. पुण्यातल्या शाळामास्तर दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्ग्यांनी, 1911 पासून लिहिल्या त्याच घाटाची. रॉबर्ट ब्राउनिंगच्या कवितांवरून त्यांना ती सुचली. एकच माणूस बोलतो, ऐकणारा दिसत नाही, आणि बोलणाऱ्याला कळत नसतं की आपण स्वतःलाच उघडं पाडतोय. ब्राउनिंगनं हे बायबलच्या अंगणातही करून पाहिलं होतं. 1855 च्या त्याच्या एका कवितेत कार्शिश नावाचा अरब वैद्य मेलेल्यातून उठलेल्या लाजरला भेटतो आणि आपल्या गुरूला पत्र लिहितो. त्याच्या लेखी ती फेफऱ्याची केस! तरी त्याचं मन त्या माणसावरून हलत नाही. वैद्याला अर्थ लागत नाही, म्हणूनच वाचणाऱ्याला लागतो.

ख्रिस्ती कथा मराठी घाटात ओतणं आपल्याकडे जुनंच आहे. फादर स्टीफन्सनं 1616 च्या ख्रिस्तपुराणाला ओवी घेतली, पुढे मंडळ्यांमधून ख्रिस्ती कीर्तनं झाली. एकनाथांच्या भारुडात तर जोशी, गोंधळी, आंधळा सगळे स्वतःच्या तोंडानं बोलतात. मग नाताळात किंवा उत्तम शुक्रवारी उपासनेत पात्र उभं करताना आपण चादर, कापसाची दाढी आणि पाठ केलेला उपदेश एवढ्यावरच का थांबतो? पिलात हात धुता धुता पश्चात्ताप करून मोकळा होतो. पेत्र कोंबडा आरवायच्या आधीच रडू लागतो. पिलाताला काय ठाऊक, की मतांगीकारात मरियेखेरीज दुसरं माणसाचं नाव त्याचंच येणार आहे? त्याला त्या दिवशी फक्त दंगा टाळायचा होता. तेवढंच बोलू द्या त्याला. एखाद्या त्रासलेल्या अधिकाऱ्यासारखा बोलला तर मंडळी अस्वस्थ होईल, आणि व्हायलाच हवी.

मला विचाराल तर सुरुवात पिलातापासून नको, नामीपासून करा. परतल्यावर रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचूनच दोघींचं पोट भरते. भीमेच्या काठी आता ऊस असला तरी बाजरी-ज्वारीच्या रानात सरवा वेचलेल्या म्हाताऱ्या अजून सापडतील. शेतमालकाच्या मेहेरबानीवर वेचलेल्या धान्याची चव त्यांना कुणी समजावून सांगायला नको. शिवाय केडगावची माती या कथेला सरावलेली आहे. 1897 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा इथेच आणल्या होत्या.

पोरींनो, येत्या सुगीच्या सणाला नामी तुमच्यातल्याच एकीनं करावी. नऊवारी चालेल, दाढीचा प्रश्नच नाही. शेजारी रूथ नुसती उभी करा, तिला एकही वाक्य देऊ नका. बवाज, लग्न, नातू, दावीदाचा वंश यातलं काही नामीच्या तोंडी घालू नका. तिला ते अजून माहीत नाही. पाच मिनिटांत आटपा. उपदेशाला पाळक आहेतच.