बॅटरी कोण उतरवतं?

शनिवारची सकाळ. मी अजून पांघरुणातच, आणि पार्किंगमधून बाबांचा फोन. "अरे, गाडी चालू होत नाहीये."

किल्ली फिरवली की नुसतं 'टक', आणि डॅशबोर्डवरचे दिवे मलूल. पाच आठवड्यांत तिसऱ्यांदा!

गाडी म्हणजे आमची २००९ची वॅगन-आर. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा मी म्हटलं, विकून टाकू. बाबा म्हणाले, "तिनं तुझं काय घोडं मारलंय?" आणि स्वतः आरटीओत खेटे घालून, हरित कर भरून पाच वर्षांची मुदतवाढ घेऊन आले. एकही कागद विसरले नाहीत. हे मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा दुकानदार म्हणाला, चार वर्षं झालीत, बदला. बदलली. नवीकोरी, ३५ अँपिअर-अवरची. तीन आठवड्यांनी पुन्हा 'टक'. मग आल्टरनेटर तपासला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग ठणठणीत. बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं... मग उरलं कोण?

उरले बाबा.

"लाईट चालू राहिला असेल हो," आई हळूच म्हणाली.

"मी बंद केला होता," बाबा म्हणाले. पण दुसऱ्या खेपेला तेच वाक्य जरा बारीक आवाजात आलं.

आमच्या घरात या गोष्टीला एक जुनी बाजू आहे. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, आधी गॅस बंद करायला विसरायची, मग घराची वाट, आणि शेवटी आमची नावं. त्यामुळे तिघांच्याही डोक्यात काय चाललंय ते तिघांनाही कळत होतं, बोललं कुणीच नाही. मी आपला हुशार इंजिनिअर! एक पिवळी चिठ्ठी लिहिली, "लाईट? दरवाजे?" आणि डॅशबोर्डवर चिकटवून टाकली. मदत म्हणून हो.

ऑफिसात एखाद्या तिकिटाचं कारण सापडलं नाही की आम्ही 'युजर एरर' असं लिहून ते बंद करतो. त्यात सोय अशी की युजर समोर बसलेला नसतो.

मग परवाच्या मंगळवारी रात्री साडेअकराला हिंजवडीहून परत आलो, तर पार्किंगमध्ये टॉर्चचा उजेड. बाबा लेंगा-बनियनवर गाडीभोवती फिरून एकेक दरवाजा ओढून बघत होते. मला बघून ओशाळले. "काही नाही रे, एकदा खात्री केली." आईनं नंतर सांगितलं, रोज रात्री दोनदा जातात.

आणि या शनिवारी पुन्हा 'टक'. आता डोकं चाललं. जो माणूस रोज रात्री दोनदा तपासतोय, त्याच्या हातून लाईट राहणं शक्यच नाही. म्हणजे गाडी बंद असताना कुणीतरी दुसराच करंट खातोय.

शनिवारी बॅटरी दुकानात चार्जिंगला दिली आणि रविवारी सकाळी कॉलेजातला मल्टिमीटर बाहेर काढला. पद्धत सोपी आहे. किल्ली काढून घ्यायची, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं आणि ते टर्मिनल व सुटलेली वायर यांच्यामध्ये मीटर लावायचा, दहा अँपिअरच्या सॉकेटवर. (मीटर मध्ये असताना चुकूनही स्टार्टर मारू नका. त्याला शंभराच्या वर अँपिअर लागतात, मीटरचा फ्यूज शहीद होईल.) फ्यूजपर्यंत हात जावा म्हणून दरवाजा उघडा ठेवला आणि आतला दिवा लागू नये म्हणून दरवाज्याचं बटण सेलोटेपनं दाबून टाकलं. मग वीस मिनिटं थांबायचं, सगळं झोपी जाईपर्यंत.

बाबांना मीटरपाशी उभं केलं. "आकडा वाचा."

"शून्य पॉइंट एकतीस."

बंद गाडीनं साधारण शून्य पॉइंट शून्य पाचच्या आत खायला हवं. ०.३१ गुणिले २४, म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेसात अँपिअर-अवर. चार दिवसांत तीस, आणि बॅटरी ३५ची. शनिवारी 'टक' होणार नाही तर काय!

मी डॅशबोर्डखाली वाकडा होऊन एकेक फ्यूज उपटत होतो, बाबा बोनेटमागून ओरडत होते. "एकतीस... एकतीस... एकतीस..." आणि मग, "दोन! अरे, शून्य पॉइंट शून्य दोन!"

फ्यूज होता म्युझिक सिस्टिमचा.

सिस्टिम बाहेर ओढली. मागे कायम करंट असणारी पिवळी वायर, आणि तिला पिळून जोडलेली एक बारीक निळी वायर, वर काळी टेप. ती टेप मी ओळखली. सेकंड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत सीटखाली एक सेकंडहँड अँप्लिफायर बसवला होता मी. सिस्टिम चालू झाली की अँपला उठवायला एक वेगळी निळी-पांढरी वायर असते. ती पुरली नाही, म्हणून मी अँपची वायर सरळ पिवळीला जोडली. गाणं वाजलं, विषय संपला. तेव्हापासून तो अँप चोवीस तास जागा होता. आठ वर्षं!

मग इतकी वर्षं काही झालं कसं नाही? कारण बाबा रोज कोथरूडहून भोसरीला कारखान्यात गाडी घेऊन जायचे. जाऊन-येऊन दोन तास. रात्रीची तूट सकाळी भरून निघायची. सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट होत असेल तर मेमरी लीक कुणाच्या लक्षात येत नाही, तसंच. ते रिटायर झाले, गाडी आठवडाभर उभी राहायला लागली, आणि माझी चूक त्यांच्या नावावर दिसायला लागली.

"बाबा, ही वायर मी जोडलेली आहे."

त्यांनी वायर बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. पण ते एवढंच म्हणाले, "म्हणजे लाईट मी बंद करत होतो."

"हो बाबा. दर वेळी."

ते चहा टाकायला सांगतो म्हणून वर गेले. मी निळी वायर तिच्या योग्य जोडीदाराला जोडली, फ्यूज लावला. ०.०२. मग ती पिवळी चिठ्ठी काढली. गोंदाचा डाग राहिलाय, जात नाही.

उद्या-परवा बाबा खरंच काही विसरतीलही, वय कुणाला चुकलंय. पण तेव्हासुद्धा आधी मीटर लावेन, चिठ्ठी नंतर.

असो. त्या रात्री मुद्दाम गॅलरीतून खाली डोकावलो. पार्किंगमध्ये अंधार होता, आणि आतल्या खोलीतून बाबांच्या घोरण्याचा आवाज येत होता.